पहिला थेंब म्हाताऱ्याचा

३ नोव्हेंबर
डोंगरावरून आज लेकीच्या घरी उतरले. जावयाने पिकअपच्या मागच्या भागात गादी घातली होती, तिच्यावर राणीसारखी पडून आले. घर छान आहे. खाली सिमेंट, वर पत्रा, मधोमध लाकडी खांब, आणि दारात बसलं की हॉस्पिटलची भिंत दिसते. डॉक्टरीणबाईने रोज लिहायला सांगितलंय: किती दुखलं, औषध कधी घेतलं, झोप आणि पोट कसं आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, माझी लेक येर लिहिते. तिला बजावलंय की बोलेन तेच लिही, शहाणपणा करू नको. हेही लिही.
सहा वर्षांपूर्वी कोबीची पाटी पाठीवर घेऊन उतारावर घसरले, दोन मणके बसले. तेव्हापासून घरात मांजरासारखी चार पायांवर. आता बाटलीत मॉर्फिन दिलंय, दिवसातून चार वेळा एकेक टोपी, म्हणजे बाटलीचं झाकणभर. आज मी सरळ बसून मोहरीचा पाला आणि डुकराचं मटण खाल्लं. येर रडली. म्हटलं, बाई, जेवण माझं झालं, तू कशाला पाणी गाळतेस.

६ नोव्हेंबर
आम्हा ह्मोंग लोकांत मेलेल्यांना हाक मारल्याशिवाय घास गिळत नाहीत. चमचाभर भात त्यांचा, मग आपला. औषधालाच तेवढी सूट कशाला? आज टोपीतला पहिला थेंब मधल्या खांबाशी सांडला आणि नवऱ्याला नावाने हाक मारली. न्हिया, ये, पी.
तो तीस वर्षं अफू ओढायचा. बोंडाला चिरा मी पाडायचे, पहाटे चीक मी खरवडायचे, ओढायचा तो. मग सरकारी माणसं आली, खसखशीचं शेत कापलं आणि कोबीचं बी वाटून गेली. न्हियाची अफू एका दिवसात बंद. अकरा दिवस थरथरला. अफूची एक गोळी दे म्हणायचा. एक गोळी होती माझ्याकडे, कमरेच्या पट्ट्यात. सगळे म्हणाले देऊ नको, म्हणून दिली नाही. बाराव्या दिवशी गेला. त्याला लोक अफूबाज म्हणाले. मॉर्फिनही अफूचंच, मी तेच पिते तर मला पेशंट म्हणतात. थेंबावर त्याचा हक्क आहे, असं मला वाटलं.

१२ नोव्हेंबर
दुखणं दहातलं तीन. झोप फार. पोट मात्र दगड. येर पपई चारतेय. आज सहा वर्षांनी सुईत दोरा ओवला आणि नातीच्या झग्याची किनार धरली. नवीन वर्षाच्या सणाला तो झगा घालून ती नाचेल आणि मी उभी राहून बघेन, पडून नाही.
जावई लेंग तिरका आहे. म्हणाला, सासूबाई, सासऱ्यांची गादी चालवताय वाटतं. मी म्हटलं, हो बाबा, तुला बसायचं असेल तर आधी पाठ मोडून घे.
एक गंमत. खांबाशी मी रोज सांडते तो थेंब वाळत नाही. तो कोणीतरी चाटून नेलेला असतो. जिभेच्या रुंदीची ओली रेघ दिसते. घरात कुत्रं नाही.

१९ नोव्हेंबर
आज मोजलं तर बाटलीत औषध कमी भरलं. येरने पेनाने खुणा केल्या होत्या, त्यांच्या दोन बोटं खाली. तिने मला विचारलं. मान खाली घालून विचारलं, तेच जास्त लागलं. मी घेतलं नाही.
डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी बोलली होती: तीन डिसेंबरच्या आत बाटली संपली तर पुढची देता येणार नाही, जास्त पिता असंच धरावं लागेल. म्हणजे पुन्हा चार पाय. येरने बाटली पत्र्याच्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. म्हटलं, घाल, माझीही शंका फिटेल.

२३ नोव्हेंबर
भर दुपारी दारात शिवत होते. मागे गुडगुड आवाज. चिलमीचा. चीक जळल्याचा गोड वास. वळून बघितलं तर खांबाशी दोन गुडघे. डाव्या कुशीवर, पाय दुमडून, तो पडायचा तसेच. वर काही नाही. फक्त गुडघे.
ते थरथरत होते.

२६ नोव्हेंबर
पेटीला कुलूप, किल्ली येरच्या गळ्यात. तरी औषध खुणेच्या चार बोटं खाली.
आता कळलं. मेलेल्याला भात द्यावा, तलफ देऊ नये. मरून वीस वर्षं झाली, निवला होता बिचारा, मी पुन्हा चव लावली.
आज थेंब दिला नाही.

२७ नोव्हेंबर
दुखणं दहातलं दहा. औषध घेतलं, उतरलंच नाही. मणक्यांच्या मध्ये कोणीतरी बोट घातलंय आणि फिरवतंय. कानाशी त्याचा आवाज. म्हणाला, तेव्हा दिली नाहीस, आता तरी दे.
दिला नाही.

२९ नोव्हेंबर
येरने बघितलं. बाटलीच्या तोंडावर काळा अंगठा उमटलाय, चिकाने काळा पडलेला. बापाचा अंगठा ती विसरेल कशी.
लेंग म्हणतो, बाटली ओढ्यात फेका, हे औषधच अशुभ. म्हटलं, हात तर लाव. औषध वाईट नाही. त्याच्यामुळे मी बसले, शिवलं, हसले. घरात चोर शिरला म्हणून कोणी तांदूळ फेकतं का? चोर मी घरात घेतला. मीच घालवणार.

१ डिसेंबर, सकाळ
आमच्यात माणूस मेला की वाट दाखवणारा बसतो. जिथे जिथे राहिलास ती गावं उलट मोजत, जन्माच्या घरापर्यंत नेतो. तिथे मधल्या खांबाखाली जन्माच्या वेळची वार, नाळेची पिशवी, पुरलेली असते, ती अंगरखा म्हणून घालायची आणि पूर्वजांकडे जायचं. शेवटी वाट दाखवणाऱ्याने तोंडाने म्हणायचं: मी इथून मागे फिरतो. म्हटलं नाही तर तोही तिथलाच.
बायकांनी हे करायचं नसतं. नसू दे. करणारा म्हातारा डोंगरावर, त्याला आणायला दोन दिवस. बाटली उद्याच संपेल.
येरला सांगितलंय, काहीही दिसलं तरी लिहीत राहा.

१ डिसेंबर, दुपार
ऊठ न्हिया. हा हॉस्पिटलचा रस्ता. चल — तो उठला. हात धरलाय. गार आहे.
आपलं कोबीचं गाव. इथे तू मेलास. थांबू नको.
तो बाटली मागतोय. सोबत घे म्हणतो. नाही. माझी आहे.
जळालेलं जुनं गाव — येर इथे जन्मली. पुढे.
नदी. पलीकडचा लाओस. पाण्याने पाय भिजले, येर, बघ — खरंच भिजलेत —
खसखशीचं शेत. सगळं फुललंय. तो म्हणतो इथेच राहू दोघं. गोळी दिली नाही, ते चुकलं माझं, न्हिया. मान्य आहे. पण तेवढंच. चल.
तुझ्या आईचं घर. हा खांब. खाली वार आहे, घाल. घातली —
हात सोडत नाहीये.
येर, पाठ दुखत नाही. काहीच दुखत नाही — टोपी घेतलीच नाही आज, मग का नाही दुखत — हे बरं नव्हे. दुखलं तर मी तुझ्या घरात आहे. दाब मणक्यावर. अंगठ्याने. जोरात, लाजू नको —
अजून —
हां. दुखलं. केवढं छान दुखलं.
ऐक म्हाताऱ्या. बाटली माझी, पाठ माझी. झग्याची किनार अर्धी राहिलीय. सोड. मी इथून मागे