बेंडर सुनेला, कॅलिपर दिरांना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा पोलादी नळ्या वाकवून खुर्च्या, खाटा व कठडे करणे, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून आणि कोणीही भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. लिहिणारे आमच्या शेजारचे निवृत्त कोर्ट कारकून आहेत. माझी शुद्ध तपासायला दातांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या दवाखान्याच्या जिन्याच्या कठड्याला बाक किती, ते विचारले. रोज तो कठडा धरून वर जाणाऱ्या माणसाला ते सांगता आले नाही. तरीही दाखला त्यांनी मला द्यायचा, असा कायदा आहे.

कलम १. राहते घर, वरच्या गच्चीसह, माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावे. मुलगा गुणी आहे. त्याचे चष्म्याचे दुकान आहे आणि सत्तरी उलटली तरी आई चष्मा लावत नाही, याचे त्याला मुलगा म्हणून आणि दुकानदार म्हणूनही वाईट वाटत असे. घरामागची शेड मात्र त्याला देत नाही. माझ्यामागे तिथे दुसरे दुकान काढायचा त्याचा बेत आहे. आरसे कुठे लावायचे याच्या खुणा त्याने भिंतीवर पेन्सिलीने केल्या आहेत. मी त्या पाहिल्या आहेत.

कलम २. माप घ्यायचे कॅलिपर धाकट्या दिरांस देते. कारण सांगणे भाग आहे. सव्वीस वर्षांपूर्वी एका सभागृहाच्या चाळीस खुर्च्यांचे काम आले. आमचे हे तेव्हा तापाने पडले होते, म्हणून माल आणायला भाऊजी गेले. मी सांगितले होते, एक इंची ट्यूब. त्यांनी आणला एक इंची पाइप. ट्यूबचे माप बाहेरून धरतात आणि पाइपचे आतून, त्यामुळे एक इंची पाइप बाहेरून चांगला सव्वा इंचाच्या वर भरतो. तो बेंडरच्या, म्हणजे नळी वाकवायच्या यंत्राच्या, साच्यात बसेना. भाऊजी हातोडा घेऊन बसवायला लागले.

मी म्हटले, "भाऊजी, तो पाइप आहे."

ते म्हणाले, "वहिनी, एक इंच म्हणजे एक इंच. इंचात काय आत-बाहेर असतं?"

साचा तडकला. पाहुणे उभे राहून भाषण ऐकून गेले. त्या पाइपांचा मी अंगणाला कठडा केला. तो इतका दणकट झाला आहे की एकदा ट्रक धडकला तर ट्रकच दुरुस्तीला गेला. पण भाऊजींनी चूक कबूल केली नाही आणि मी त्यांच्याशी चहा हवा का, यापलीकडे बोलले नाही. कॅलिपरला आतून मोजायचे आणि बाहेरून मोजायचे असे वेगवेगळे जबडे आहेत. त्यांनी निवांत बसून पाहावेत.

कलम ३. बेंडर, त्याचे अकरा साचे, वाळूचे पिंप, खुणेच्या तारेच्या गुंडाळ्या आणि शेड, हे सर्व माझ्या सुनेस, जी शाळेत गणित शिकवते, तिला मिळावे. इथे कारकुनांनी लेखणी थांबवून विचारले, "सुनेला? मुलाला नाही?" म्हणून खुलासा लिहवते.

माझी पद्धत अशी. आधी जाड तार वाकवून आकार काढायचा. ती जमिनीवर ठेवून तिच्यावरून नळीला खडूने खूण करायची. मग घरात जाऊन चहा प्यायचा आणि ताज्या हाताने येऊन नळी वाकवायची. पन्नास वर्षे मी मोजपट्टी लावली नाही. लोक लांबून येऊन माझा डोळा पाहत.

मागच्या वर्षी सून चार दिवस माहेरी गेली. त्या चार दिवसांत माझ्या हातून एकही नळी बरोबर वाकली नाही. खुर्चीचे पाय एकमेकांकडे पाठ फिरवून उभे राहिले. खाटेची कमान अशी झाली की तिच्यावर झोपणारा घरंगळला असता. मी पोलादाला दोष दिला. मग नळ्यांच्या व्यापाऱ्याकडे जाऊन त्याला भर दुकानात लबाड म्हटले.

तो म्हणाला, "मावशी, नेहमीचाच माल आहे. तुम्हीच वाजवून, जमिनीवर लोळवून निवडून नेलात."

सून परत आली आणि त्याच दिवशी सगळे जमू लागले. तेव्हा मला संशय आला. दुसऱ्या सकाळी मी खूण केली, चहाला जाते म्हणाले आणि शेडच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. सून शाळेची पिशवी खांद्याला लावून आत आली. तिने मोजपट्टी काढली, माझी खूण ओल्या बोटाने पुसली आणि दोन बोटे अलीकडे दुसरी केली. ती माझ्यासारखीच जाड आणि जराशी वाकडी काढली, मला कळू नये म्हणून.

मी खिडकीतूनच ओरडले, "काय चाललंय?"

ती दचकली, पण खडू सोडला नाही. "आई, तुमची खूण पुढे जाते. आणि नळी वाकवून सोडली की तीन अंश मागे येते, तेही हल्ली तुमच्याकडून धरलं जात नाही."

"किती दिवस करते आहेस हे?"

"दोन वर्षं."

"कोणाला सांगितलंस?"

ती म्हणाली, "कोणाला सांगायची गरजच पडली नाही. सगळ्यांना माहीत आहे. ह्यांना माहीत आहे. व्यापाऱ्याला माहीत आहे. डॉक्टरांचा कठडा बसवला तेव्हा त्यांनाही कळलं."

"भाऊजींना?"

"हा खडू त्यांनीच आणून दिलाय. पोलादावर नीट उमटतो म्हणाले. आणि म्हणाले, वहिनींना कळू देऊ नकोस, जीव जाईल त्यांचा."

मी अकरा दिवस सुनेशी बोलले नाही. शेडला कुलूप घातले आणि किल्ली उशीखाली ठेवली. बाराव्या दिवशी तिने ताट वाढताना विचारले, "आई, वाकताना नळीचा जोड कुठल्या बाजूला ठेवायचा?" मला राहवले नाही. मी म्हटले, "बाजूला. आतही नाही, बाहेरही नाही. बाहेर ठेवलास तर उकलेल." म्हणाले आणि लक्षात आले की आपण बोललो. ती हसली नाही, हे मी तिच्या नावे लिहून ठेवते. संध्याकाळी मी मुलाच्या दुकानात गेले. त्याने डोळे तपासले आणि आत जाऊन चष्मा करून आणला. चष्मा लावून मी दोन वर्षांतले सगळे काम फिरून पाहून आले. काम चांगले होते. बहुतेक माझ्यापेक्षा चांगले होते. हे वाक्य कारकुनांनी दोनदा वाचून दाखवले, मी बदलले नाही.

कलम ४. वरील खडूचा विचार करता कलम २ मध्ये भर घालते की भाऊजींस कॅलिपरबरोबर त्याची मखमली पेटीही मिळावी. तो पाइपच होता, हे मात्र कायम.

कलम ५. नळ्यांच्या व्यापाऱ्यास मी त्या चार दिवसांत लबाड म्हटले, ते शब्द मागे घेते. त्याआधी वेळोवेळी जे म्हटले आहे, त्याला या कलमाने बाधा येत नाही.

कलम ६. सुनेस सूचना. पातळ नळी वाकवायची तर आत वाळू ठासून भर, नाहीतर बाक चपटा होतो. वाळू आधी तव्यावर भाजून कोरडी कर. ओली वाळू भरून नळी तापवली की वाफेने तोंडाशी ठोकलेले बूच उडते. तुझ्या सासऱ्यांच्या डाव्या भुवईवरची खूण तू फोटोत पाहिली आहेस. ते ती लहानपणी झाडावरून पडल्याची सांगत. झाड वगैरे काही नव्हते.

कलम ७. हे मृत्युपत्र माझ्या पश्चात अमलात येईल, असे कारकून म्हणतात. बेंडरच्या बाबतीत मी इतकी थांबणार नाही. मी सुनेला विचारले, घेशील का? ती म्हणाली, "शाळा सोडणार नाही. शनिवार-रविवारी करेन. खुणा उघडपणे करेन. आणि मी वाकवत असताना तुम्ही खुर्चीवर बसायचं आणि मधे बोलायचं नाही." मी कबूल केले. उद्या शनिवार आहे आणि पाळण्याची कमान करायची आहे, हे काम मला कधीच एका झटक्यात जमले नाही.

मधे न बोलण्याचे हे वचन कायद्याने बंधनकारक आहे का, असे मी कारकुनांना विचारले. बराच विचार करून ते म्हणाले, "नाही." मग मी सही केली.

स्थळ : शेड, बेंडरशेजारचे टेबल
दिनांक : या महिन्याची अकरा, शुक्रवार, दुपारी

लिहून देणार : सही (चष्मा लावून)
साक्षीदार १ : दातांचे डॉक्टर. सही. कठड्याला बाक पाच आहेत, आत्ता मोजून आलो.
साक्षीदार २ : निवृत्त कोर्ट कारकून. सही. वरील मजकूर जसा सांगितला तसाच लिहिला. मी गाळा म्हटले ते बाईंनी गाळू दिले नाही.