कोंबडीखाली परत ठेवलेलं अंडं

जुळे सोलापूर
९ जानेवारी २०२५

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही, रागावू नकोस. फोनवर सांगायला धीर होईना. इतक्या वर्षांनी मला दिवस गेलेत. मी वेळेवर जेवते. हे मला स्कूटरला हातही लावू देत नाहीत.

सोनोग्राफीत गर्भ दिसला, पण हृदयाचे ठोके दिसले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून लवकर आहे, आठवड्यानं परत बघू."

तेव्हा तू आठवलीस. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीखालचं अंडं कवडशात धरून तू आतल्या लाल शिरा दाखवायचीस. कॉलेजात शिकून आल्यावर मी ऐटीत सांगितलं होतं, की सुरुवातीला माणसाचा गर्भही पिल्लासारखाच दिसतो, त्याला शेपटी असते, आपले सगळ्यांचे पूर्वज एकच. तू हसलीस. "मंग तू माझ्या पोटची की कोंबडीच्या? देवानं घडवलंय समदं."

आबा म्हणाले, "हिची शेपटी अजून गळली न्हाय."

वर्गात मी आजही उत्क्रांती शिकवते आणि मानतेही. तरी सोनोग्राफीच्या त्या पडद्यासमोर माझे हात जोडले गेले. हा खोटेपणा आहे का, हे मला ठरवता येत नाही.

शिरा दिसल्या नाहीत तरी तू अंडं टाकायची नाहीस. "घाई करू नगं, ऊब लागू दे," म्हणत परत कोंबडीखाली ठेवायचीस. तसल्या अंड्यांतून पिल्लं निघायची का गं? मला आठवत नाही. तुझं उत्तर येईपर्यंत इथलं कळलेलं असेल, तरी सांग.

आबांचा खोकला कसा आहे?

तुझी रोहिणी

ता. क. उद्याचं माझं काम: सोनोग्राफीला परत जायचं.