चित्रातल्या पेंढ्या

प्रिय ओक्ताव,

'प्रिय' लिहायची सवय अजून मोडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ घे. पॅरिसात लोक तुझी चित्रं रांगा लावून बघतात म्हणे. बघोत बापडे. आमच्या चुलीपाशी बसून चार दिवस कोबीचं सूप ओरपलंस, आईला भर उन्हात वाकवून उभं केलंस, आणि मला ऐकवत होतास की बाकीचे चित्रकार मनचं काढतात, मी मात्र डोळ्यांना दिसतं तेवढंच काढतो. मी खुळी, खरं मानलं. तुझं बाकीचंही बरंच काही खरं मानलं होतं.

गेल्या सुगीला आई तुला शेतात घेऊन गेली तेव्हा तिथे एकही पेंढी नव्हती. शेवटची गाडी आदल्या दिवशीच गेली होती. मालकाची शेवटची पेंढी हलल्याशिवाय सरवा, म्हणजे मागे सांडलेली कणसं, वेचायचा नाही, वेचला तर ती चोरी, हे तुला तिनंच सांगितलं होतं. चाळीस वर्षं तिनं हा नेम पाळला. आणि तू तिच्या मागे पेंढ्यांची रांगच्या रांग उभी केलीस! रिकामं शेत भुंडं दिसत होतं का रे? वरून चित्राखाली लिहिलंस, 'सरवा वेचणारी विधवा देल्फीन', तेही गावाच्या नावासकट.

ते चित्र वर्तमानपत्रात छापून आलं आणि मेयरच्या हाती पडलं. राखणदार दारात येऊन बजावून गेला की यंदा देल्फीननं शेतात पाऊल टाकायचं नाही. धुण्याच्या घाटावर बायका आता आईपासून हातभर सरकून बसतात. मी आईला म्हटलं, त्या मेल्याचं नाव काढू नकोस. तर ती तो कागद खिडकीशी नेऊन म्हणते, "पाठ मात्र माझी हुबेहूब काढलीय गं त्यानं." मला तिचाही राग आला.

सोमवारी घंटा झाली की सरवा सुरू होईल. तू खाल्लास तो पाव त्याच दाण्यांचा होता, आणि आमचा हिवाळाही त्यावरच निघतो. रविवारी मिस्सा सुटल्यावर मेयर तुझं ऐकून घ्यायला तयार आहे. ये, आणि चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून सगळ्या गावादेखत सांग की पेंढ्या तुझ्या मनच्या होत्या. माझ्याशी बोलू नकोस, हवं तर घरीही येऊ नकोस. आईनं सरव्याची पिशवी शिवून दाराला अडकवून ठेवलीय, कारण तू येशील अशी तिची खात्री आहे. माझी नाही.

तुझीच (हीसुद्धा सवयच),
ओनोरीन