उजवा कोपरा

३ मार्च, मंगळवार

विकायचं म्हणे! वीस वर्षं मी मागच्या खोलीत बसून लोकांचे डोळे तपासते आहे, आणि दादा आज फ्रेमा पुसता पुसता सांगतो — "गिऱ्हाईक तयार आहे. दुकान काढून टाकू." जुनी सायकल काढावी तसं! म्हटलं, आणि मी काय करू? "तुला काय, कुठेही नोकरी मिळेल." कुठेही! चष्म्याचे नंबर मी काढायचे, यानं काउंटरवर बसून गोड बोलायचं, आणि विकायचं कधी ते मात्र यानंच ठरवायचं.

म्हटलं, पटावर ठरवू.

त्याला नाही म्हणता येईना. बाबांचाच नियम. या घरात तंटा झाला की बॅकगॅमनचा, फाशा-सोंगट्यांचा, पट निघतो, आणि हरेल त्यानं त्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. नऊ डाव ठरले. पाच जिंकेल त्याचं खरं. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा, काउंटरवरच.

"तू आजवर कधी जिंकलीयस?" — हेही बोलायचं सोडलं नाही.

५ मार्च, गुरुवार

दोन डाव. दोन्ही हरले. शीळ घालत सोंगट्या आवरत होता. हलकट.

६ मार्च, शुक्रवार

का हरते ते कळलं. जोडीनं उभ्या सोंगट्या कुणाला मारता येत नाहीत, म्हणून मी एकही एकटी सोडत नाही. गोगलगायीसारखी जोड्या-जोड्यांनी सरकते. शेवटी हलवायला काही उरत नाही आणि जोडी फोडावीच लागते. तोवर दादानं आपलं अंगण, म्हणजे त्याच्याकडची शेवटची सहा घरं, जोड्या लावून पुरतं बंद केलेलं असतं. मार खाल्लेली सोंगटी पुन्हा त्याच्याच अंगणातून आत यायची असते — दारं बंद! बसा बाहेर.

बाबा ओरडायचे, "एकटी सोडायची तर आधी त्याची दारं मोज!" सहापैकी दोन बंद असतील तर खुशाल सोड, मारली तरी आत येशील. पाच बंद असतील तर जागची हलू नकोस. म्हणजे धोका घ्यायचा तर लवकर. मला त्यांचं ओरडणंच तेवढं लक्षात राहिलं होतं. दादाला कधी ओरडावं लागलं नाही. लाडोबा!

८ मार्च, रविवार

दारं मोजून खेळले. एक जिंकले! (दुसरा हरले. १-३.)

जिंकले त्यावर रागानं चहाचा ग्लास लवंडला त्यानं. वर मलाच — "इथं ग्लास कुणी ठेवला?" वहिनीनं ठेवला, त्याच्या उजव्या हाताशी, लग्न झाल्यापासून ठेवते तिथंच. बिचारी फडकं घेऊन पुसत बसली. हरायची सवय नसली की असं होतं.

१० मार्च, मंगळवार

माझ्या स्टुलाला अडखळला आणि चार गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर डाफरला. "वाटेत ठेवतेस!" ते स्टूल बाबांच्या वेळेपासून काउंटरच्या उजव्या टोकाला आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

वहिनी मागच्या खोलीत येऊन हळूच म्हणाली, "वन्सं, ह्यांना हल्ली थकवा येतो हो. कामात लक्ष लागत नाही म्हणतात." लक्ष लागायला काम करावं लागतं! तसं बोलले मी. ती बाहेर निघून गेली. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

दुपारचा डाव मी घेतला. २-३.

१३ मार्च, शुक्रवार

एक त्याचा, एक माझा. ३-४. आणखी एक हरले की गेलं दुकान.

पण काहीतरी सापडलंय. सोडलेल्या एकट्यांची मी टिपणं ठेवते. आजवर तेवीस सोडल्या, त्यानं अकरा मारल्या. पण त्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात सात सोडल्या — एकही नाही मारली! स्वतःच्याही तिथं उघड्या टाकून मोकळा होतो. इतका माज, की कोपऱ्याकडे बघतसुद्धा नाही. उत्तम! त्या कोपऱ्यात मी आता दारं मोजायच्याही भानगडीत पडणार नाही.

१५ मार्च, रविवार

४-४!! कोपऱ्यातूनच मारलं त्याला. तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१७ मार्च, मंगळवार

जिंकले! दुकान राहिलं!

सगळं लिहून ठेवते. मी बरीच मागे होते. सुरक्षित खेळत राहिले असते तर हरणं ठरलेलंच होतं. त्याची चार दारं बंद. अशा वेळी एकटी सोडणं म्हणजे वेडेपणा, बाबांनी पट उधळला असता. पण सोडली. त्या कोपऱ्यात. त्याला फक्त सहा हवा होता.

सहा पडला. सहा आणि दोन.

आणि राजेसाहेबांनी सहा भलत्याच सोंगटीला चालवला! माझी तिथंच उभी, धडधाकट. पुढं मग माझाच डाव.

हरल्यावर म्हणाला, "तिथं कुठे होती तुझी एकटी?" मी बोट दाखवलं. तो पटाकडे बघतच राहिला. म्हणे, "मघाशी नव्हती." खोटारडा! मी चोरून ठेवली असं वहिनीसमोर सुचवतो! म्हटलं, डोळे फुटलेत का तुझे? तोंडावर म्हटलं. खूप बरं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

सकाळी दुकानात शिरताना त्याचा उजवा खांदा चौकटीवर आपटला. जोरात. मी तोंड उघडलं — आणि मिटलं. ग्लास. स्टूल. कोपरा.

त्याला मागच्या खोलीत नेलं. माझ्यासमोरच्या खुर्चीत तो आजवर कधीच बसलेला नाही. मी कधी बसवलाच नाही. म्हटलं, नाकाकडे बघ माझ्या, डोळे हलवू नकोस, पेन दिसलं की सांग. आणि त्याच्या उजव्या बाजूला पेन धरलं. हळूहळू पुढे आणलं. आणखी पुढे.

तो माझ्या नाकाकडे बघत शहाण्यासारखा बसून होता.

"अगं, धर की आता," म्हणाला.