फुटलेल्या मूर्तीची कबुली

११ फेब्रुवारी १९६७, शनिवार

सांगून टाकलं एकदाचं! कबुलीच्या जाळीपलीकडे फादर, अलीकडे मी गुडघ्यांवर. नाताळाच्या आठवड्यात चर्चमधली मारियामातेची मूर्ती फुटली ती माझ्या हातून. फुलं लावायला स्टुलावर चढले, कोपर लागलं. आसपास कोणी नव्हतं. तशीच घरी आले. दुसऱ्या दिवशी आळ चौकीदार नत्थूवर. "पिऊन असंन," लोक म्हणाले. फादरांनी त्याला काढलं. चर्चमागची खोलीही गेली. आणि मी — चर्चच्याच शाळेतली बाई — गप्प!

फादर म्हणाले, "ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून काढा." पापक्षमा दिली. प्रायश्चित्त म्हणून तीनदा 'नमो मारिया'ची प्रार्थना. एवढंच! आता फादरांना कळलंय, नत्थूला बोलावून घेतीलच. किती दिवसांनी आज जेवण गोड लागलं.

१६ फेब्रुवारी

फाटकावर अजून नवाच चौकीदार. फादर भेटले, मुलांच्या वह्यांचं विचारलं. नत्थूबद्दल अवाक्षर नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

सीताबर्डीवर भाजी घेताना नत्थूची बायको रुखमाबाई भेटली. तो आता खापरखेड्याला बिजलीघरात कोळसा वाहतो म्हणे. "बाई, तुमी फादरले सांगा ना! आमच्या घरच्याईनं मूर्तीले हात नाही लावला. काहून असं केलं आमच्यासंग?"

"सांगितलंय वं," मी म्हणाले. खोटंही नव्हतं ते! लाज कशी वाटली नाही मला?

५ मार्च

फादरांचा राग राग येतो. खरं ठाऊक असून माणूस मिठाची गुळणी धरून बसलाय!

१२ मार्च, रविवार

धर्मशिक्षणाच्या वर्गात आमच्या म्हाताऱ्या यमुताई मुलांना सांगत होत्या — "कबुलीत ऐकलेलं फादर कोणाला सांगत नाहीत. अन् त्यावरून काही करतही नाहीत. किल्ली कुठे लपवली ते कबुलीत कळलं, तरी ते कुलूप त्यांना उघडता येत नाही."

मागच्या बाकावर मी गारच पडले. यातलं पहिलं वाक्य तर मीच मुलांकडून पाठ करून घेते! दुसऱ्याचा कधी विचारच केला नाही. फादरांचे हात मीच बांधले, अन् वर त्यांनाच शिव्या! जाळीतून सांगितलं म्हणजे झालं, असं धरून महिनाभर निवांत जेवले. तिकडे नत्थू कोळसा वाहतोय. आता फादरांच्या ऑफिसात जाऊन, टेबलासमोर उभं राहून सांगायला हवं.

१३ मार्च

गेले नाही.

१७ मार्च

दारापर्यंत गेले. नोकरी गेली तर? परत आले. थू माझ्यावर!

२५ मार्च

सांगितलं. भर सकाळी, कारकुनाच्या देखत. फादरांनी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. फक्त चष्मा पुसायला फार वेळ लावला. लगेच नत्थूच्या नावानं चिठ्ठी लिहिली — परत कामावर ये. "नेऊन द्या," म्हणाले, "तुम्हीच."

२६ मार्च, ईस्टर

चर्चमधली मिस्सा आटोपून एसटीनं खापरखेडा. नत्थूला चिठ्ठी वाचून दाखवली, मग सगळं सांगितलं.

"मालूम हाय बाई. खिडकीतून पाह्यलं होतं मी तुमाले, स्टुलावर."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहून राह्यलो होतो." चिठ्ठी परत देत म्हणाला, "आता नाही येत मी."

फादरांना गप्प राहायचा नियम होता. नत्थूला कोणता होता?

माफ कर म्हटलं. "कामाची पाळी हाय बाई," म्हणाला, अन् टोपलं उचलून गेला.