उरलेली रेघ

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रेसमधून आत्ता आले. बद्रीनाथभाऊंनी शेवटचं पान उजेडात धरलं आणि ओरडलेच — ‘म्याडम, हा बोलायचा फुगा मोकळाच ऱ्हायला! अक्षरं उडाली का काय?’

म्हटलं, नाही, मोकळाच ठेवायचाय.

‘लोक म्हणतील छपाईत गेलं. नाव आमचं खराब व्हतं. मी टाकू का कायतरी? “चला, येतो” असं?’

मशीनवरचा माणूस हसला. मीही हसले.

पानं चारच्या पटीत लागतात, नाहीतर मधली पिन बसत नाही. माझं एक जास्त होत होतं. ‘शेवटचंच काढा की, तसंबी त्यात काय नाय!’ मी त्याऐवजी कालव्याचं पान काढून टाकलं. त्यातलं पाणी चितारत दोन आठवडे बसले होते. चालेल. शेवटचं पान नाही काढायचं. त्या एका पानासाठी तर सगळं कॉमिक.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात फिरायचं थांबेल.

चार वर्षं झाली. बाबांनी शब्द टाकून माझ्या भावाला, चिन्मयला, वाळूजच्या कंपनीत चिकटवलं होतं. त्यानं घरी न सांगता सोडलं — पुण्यात नाटकवाल्यांकडे लाइटचं काम करणार म्हणाला. बाबा म्हणाले, जा मग, परत तोंड दाखवू नकोस. मी सोडायला गेले होते. एसी शिवनेरी बसच्या काचा उघडत नाहीत. गाडी हलली तेव्हा तो आतून काहीतरी बोलला. मी हातानं विचारलं, काय? तो पुन्हा बोलला. तेवढ्यात गाडी वळली.

घरी आले तर बाबा ताटांवर पेपर झाकून बसलेले. जेवले नव्हते. जेवण झाल्यावर म्हणाले, ‘माझ्या गळ्याची शपथ आहे. त्याला फोन करायचा नाही, भेटायला जायचं नाही.’ मी हो म्हटलं. आई असती तर नसतं म्हणू दिलं.

शपथ मी मोडली नाही. एकदाही नाही. पण पुस्तक म्हणजे फोन नाही ना? पुण्यात कॉमिक्सचं संमेलन आहे, तिथं टेबल मिळालंय, म्हणून मी जातेय. तो आला तर तो आला. मी गेले असं होत नाही. — हे वकिलासारखं झालं. मला कळतंय.

फुगा मोकळा आहे कारण तो काय बोलला ते मला माहीत नाही. बाकी सगळं — बस, काच, आत तो — मी काढलं. त्याच्या तोंडात शब्द घालायचा हक्क मला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दिवसभरात फक्त दूधवाल्याशी बोलले. ‘अर्धाच द्या.’

२५ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तकं आली! शाईचा वास. पहिल्याच पानावर एक चूक सापडली, मग पुढचं उघडायचं धाडस होईना.

एक प्रत टीव्हीजवळ ठेवली, बाबांना दिसेल अशी. संध्याकाळी त्यांनी तिच्यावरचा पेपर उचलला. ती नाही.

त्यांनी बघावं असं फार वाटतं. त्यातलं अक्षर त्यांचंच आहे. पैठणच्या पाटबंधारे कॉलनीत आम्ही दोघं तिसरीपर्यंत शाळेत गेलोच नाही, बाबांनीच शिकवलं. ऑफिसात ते कालव्यांचे नकाशे काढायचे. त्यामुळं आम्हालाही नकाशासारखंच — आधी रेघ, मग तिला अक्षरं टांगायची. जग उलटं करतं, अक्षरं लिहून वर रेघ मारतं. शाळेत गेल्यावर बाई माझ्या वहीकडे बघतच राहिल्या होत्या.

आधी रेघ मारायची म्हणजे शब्द किती मोठा होणार याचा अंदाज हवा. माझा बरोबर यायचा, कारण मी भीतीपोटी अक्षरं बोटांवर मोजायचे. चिन्मयची रेघ कायम उरायची. शब्द संपला तरी पुढं चाललेलीच. बाबा पट्टी टेकवून विचारायचे, ‘ही कुठं निघाली? जालन्याला?’ आम्ही दोघं फुटायचो हसून. बाबाही.

पुस्तकात हे आहे. सहावं पान. नावं बदललीयत.

५ डिसेंबर, शुक्रवार. पुणे

बाबांनी खोकी सुतळीनं बांधून दिली. गाठी इतक्या पक्क्या की इथं लॉजवाल्याकडून सुरी मागावी लागली. निघताना म्हणाले, ‘कोण कोण असतं तिथं?’ मी म्हटलं, चित्रं काढणारे. खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

लाल डब्यानं आले. शेजारच्या बाईंनी विचारलं, कशाचा धंदा? म्हटलं, गोष्टी. ‘कीर्तनाच्या का?’ नगरपर्यंत हो म्हणून बसले. फार अपराधी वाटलं. नगरला खरं सांगितलं तर त्या झोपल्या होत्या.

६ डिसेंबर, शनिवार

टेबलामागं दोन खुर्च्या देतात. सगळ्यांकडे दुसऱ्या खुर्चीवर कोणीतरी आहे — मैत्रीण, नवरा, कोणाची आई डबा घेऊन. माझ्या दुसऱ्या खुर्चीवर पिशवी.

शेजारी हिमांशू म्हणून नागपूरचा मुलगा, राक्षसांचे स्टिकर विकतो. तोंड बंद नाही. ‘ओ ताई, मान वर करा! गिऱ्हाईक तुमच्या भांगाशी बोलून राहिलं!’

एक काकू आल्या.
‘यात मारामारी आहे का? नातवाला लागते.’
‘नाही.’
‘भूत?’
‘नाही.’
‘मग आहे काय?’
‘कालवा आहे,’ मी म्हटलं. तोही एक पान कमी झालेला!

शेवटी हिमांशूनंच त्यांना राक्षस विकला. मला म्हणतो, ‘सॉरी हां, मारामारी होती माझ्याकडं.’

हॉलच्या दारापाशी एक पांढरी भिंत उभी केलीय, येणाऱ्या-जाणाऱ्यानं काहीही चितारावं म्हणून. श्रेया नावाची स्वयंसेवक दोनदा बोलवायला आली. ‘ताई, तुम्ही तर आर्टिस्ट, या ना!’ मी आधी पेन्सिल, मग रबर, मग शाई. सगळ्यांसमोर एकदम मार्कर? नको. गेले नाही.

दर उंच माणसाच्या पाठीकडे बघितलं. मान दुखतेय.

७ डिसेंबर, रविवार

नाही आला.

एकटीनं टेबल लावलं की बाथरूमला जाता येत नाही, हे कोणी सांगत नाही. कालपासून पाणी कमी पितेय. दुपारी नाइलाजानं हिमांशूला बघायला सांगून गेले, शिवाय बाहेर उन्हात जरा उभी राहिले. परत आले तर म्हणतो, ‘एक कॉपी गेली. दाढीवाला होता. उभ्याउभ्या मागचं पान वाचलं, मग पुढून सुरू केलं.’

‘नाव विचारलंस?’

‘आता कॉमिक घ्यायला आधार कार्ड मागू का?’

चिन्मयला दाढी नीट येतच नव्हती. बाबा चिडवायचे.

शेवटी सगळे एकमेकांची पुस्तकं अदलाबदल करतात, अशी पद्धत आहे. मी कोणाकडे गेले नाही. मागायचं कसं? हिमांशूनंच सगळे राक्षस माझ्या पिशवीत कोंबले आणि एक पुस्तक उचललं. ‘वाचून सांगतो. रडवलंत तर पैसे परत.’ पैसे दिलेच नव्हते त्यानं.

८ डिसेंबर, सोमवार

घरी. गाडी नगरला पंक्चर झाली, पोचायला तिन्हीसांजा झाल्या. दुपारचं जेवण टेबलावर तसंच, वर पेपर. बाबा पेपरच्या शेजारी.

‘जेवायचं ना तुम्ही!’

‘तू येणार होतीस ना?’

ते काहीही विचारत नाहीत, आणि मला वाटतं त्यांना सगळं कळलंय. भात गार होता. दोघांनी तसाच खाल्ला. उरलेली खोकी पलंगाखाली ढकलली. पुढचं पुस्तक काढायचं नाही, असं ठरवलं. कोणासाठी काढायचं?

१२ डिसेंबर, शुक्रवार

घाईघाईनं लिहितेय. अक्षर वाईट येणार.

श्रेयानं संमेलनाचे फोटो पाठवले. एकात चार मुली हसत उभ्या आहेत, मागं ती भिंत. राक्षस, मांजरं, कोणाकोणाची नावं. मी पुढं सरकवणार होते. मग एका मुलीच्या खांद्यामागं एक चौकोन दिसला. बसची खिडकी. माझी खिडकी — माझं शेवटचं पान, बेढब काढलेलं. आत माणूस. त्याला दाढी.

फुगा भरलेला आहे.

‘घरी जा. बाबा जेवायचे थांबले असतील.’

आणि शेवटच्या शब्दावरची रेघ शब्द संपल्यावरही पुढं गेलीय. मांजराच्या शेपटीपर्यंत.

मी उन्हात उभी होते तेव्हा!

रडले. मग शपथ आठवली. त्याला फोन केला नाही, भेटायला गेले नाही. फोटो बघणं यात बसतं का? आणि बाबांना दाखवणं? शपथ त्यांचीच आहे. त्यांनाच विचारायला हवं.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळी फोटो मोठा करून बाबांपुढं धरला. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. मग बोट स्क्रीनवर ठेवून रेघेवरून शेवटपर्यंत नेलं.

‘जालन्याला,’ म्हणाले.

दुपारी बघितलं तर टीव्हीजवळचं पुस्तक जागेवर नव्हतं. संध्याकाळी जेवायची ताटं घेताना, माझ्याकडे न बघता — ‘तिथं टेबलामागं खुर्च्या किती देतात?’

दोन, बाबा.