आपोलिनाची बारमाशी

१६ ऑगस्ट
आज पुन्हा तेच! तोंडवलीला निघालेली पर्यटकांची गाडी शेजारच्या आपोलिनाच्या कुंपणाशी थांबली. फोटो काढले, माझ्या गुलाबांकडे पाठ करून. आहे काय तिथे? गुडघाभर गवत आणि त्यात विस्कटलेली, काळ्या डोळ्याची पिवळी फुलं. कातळाच्या सड्यावर आपोआप उगवल्यासारखी. बिया तिच्या लेकीने, ग्लेनिशाने, कॅनडाहून पाठवल्या. तिकडच्या माळरानासारखी बाग म्हणे. आपण गवत कापतो, ही लावते!

१९ ऑगस्ट
कॉन्व्हेंटमध्ये वर्गाची फुलदाणी सिस्टर माझ्याकडेच द्यायच्या. आपोलिना पाणी आणायची. किती हसायचो दोघी.

३० ऑगस्ट
नवेना सुरू, फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना. चर्चमधल्या सायबिणीच्या मूर्तीपुढचा पहिला गुच्छ वर्षानुवर्षं माझ्या बागेतला. आज फादर म्हणाले, आपोलिनाबाईंची फुलं किती टिकतात! माझ्या गुलाबांच्या पाकळ्या वेदीवरच गळल्या होत्या. प्रार्थनेला मी 'आमेन' जरा जोरातच म्हटलं.

२ सप्टेंबर
आपोलिना झाकलेली टोपली घेऊन आली. "मर्ले, तुका बारमाशी हाडलंय गो."
बारमाशी! आमच्याकडे बारमाशी म्हणजे सदाफुली, सिमिटरीत फुलते ती. स्वतःला कॅनडाची फुलं, मला थडग्यावरची! उघडूनही पाहिली नाही. न्हाणीमागे ठेवून दिली. ती घुटमळली, काही सांगायचं असल्यासारखी. मी चहासुद्धा विचारला नाही.

५ सप्टेंबर
तिच्याकडे सारखी अनोळखी माणसं. आता बाग बघायलाही येतात वाटतं.

८ सप्टेंबर
सायबिणीचं फेस्त. चर्चमध्ये तिने बाकावर माझी जागा धरून ठेवली होती. मी मागे बसले.

११ सप्टेंबर
न्हाणीमागे पाणी सोडायला गेले. टोपलीच्या फडक्याखालून फूल डोकावत होतं. पिवळं, काळ्या डोळ्याचं. सदाफुली नव्हतीच!
तशीच कुंपणाशी गेले. ती फुलांची रोपं मुळांसकट खणून वेगळी करत होती. मान वर न करता म्हणाली, "सुकली तरी उपटू नको हां. मुळां जिती ऱ्हवतत, परत येतत. म्हणान तर बारमाशी."
मी विचारलं, सगळीच का काढतेस?
"घर विकलंय गो. ग्लेनिशा माका न्हेता. नवो मालक हंय फरशी घालतलो. तुझ्याकडे ऱ्हवांदेत."

१२ सप्टेंबर
पुढचे गुलाब काढून तिची रोपं लावली. गवतसुद्धा. पाणी तीच आणून देत होती.
हेवा काही गेला नाही. आता ग्लेनिशाचा वाटतो.